चार नंबर आणि पोहण्याचे मास्तर

मित्रांनो, माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगात चार हा आकडा काढलेला आहे, म्हणून सगळे मला ‘चार नंबर’ म्हणतात. मी एक म्हातारे डायलिसिस यंत्र आहे. तुमच्या पाठीत, बरगड्यांच्या जरा खाली, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती दिवसरात्र रक्त गाळतात आणि नको ते बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे थकून जातात, त्यांचे हे काम मी करत आलो.

माझी जुळणी एका मोठ्या कारखान्यात झाली. पंप, नळ्या, झडपा बसवून झाल्यावर तीन दिवस माझ्यातून नुसते पाणी फिरवले. कुठेही थेंब गळला नाही, तेव्हा चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्या पाठीवर थाप मारली. “जा बाबा, नाव काढ!” तो म्हणाला.

मग मी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आलो. तिथे आम्ही आठ जण रांगेत उभे असायचो. प्रत्येकाशेजारी एक खुर्ची आणि एक हिरवा पडदा. आमची देखभाल तंत्रज्ञ ताई करायच्या. बोलण्यात तिखट, हाताने हळुवार. माझ्या डोक्यावर कुणी चहाचा कप ठेवला, तर त्याची खैर नसे. माझ्या खुर्चीत कितीतरी माणसे बसली. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ते मास्तरांबद्दल.

मास्तर शहराच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायचे. रुंद खांदे आणि खणखणीत आवाज. रक्तदाब वाढला होता, पण दुखत-खुपत काही नव्हते, म्हणून गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरल्या. पाय सुजायला लागले तोवर त्या रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी केली होती; फार उशीर झाला होता. माझ्याकडे आले ते रक्त काढण्या-सोडण्यासाठी गळ्याजवळ नळी घालूनच. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास.

“दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच आमटी. आणि गळ्यातली नळी असेपर्यंत तलावात उतरायचं नाही,” डॉक्टरबाईंनी बजावले.

सगळे आयुष्य पाण्यात गेलेला माणूस तो! मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. पहिला महिनाभर त्यांनी कुणाचे ऐकले नाही. घरी चोरून बर्फाचे खडे चघळायचे. पण ते पाणी अंगातच साठायचे, आणि वजनकाटा कुणाची भीड ठेवत नाही.

“मास्तर, दोन दिवसांत साडेचार किलो?” ताईंनी विचारले.

“माझी हाडंच जड आहेत.”

“परवा हलकी होती का?”

त्या दिवशी तेवढे पाणी काढताना मास्तरांचा रक्तदाब धाडकन उतरला. मी जिवाच्या आकांताने भोंगा वाजवला. ताई धावत आल्या, खुर्ची आडवी करून त्यांचे पाय वर केले, सलाइन सोडले. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा समोर काकू उभ्या होत्या. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. एका छापखान्यात त्या पुस्तकांची मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची कच्ची पाने, वाचून चुका शोधायच्या. त्यांच्या हातात अजून छापखान्यातले लाल पेन होते.

“अहो, मला न सांगता जायचं ठरवलंय का तुम्ही?” एवढेच त्या म्हणाल्या.

 पुढच्या वेळी मास्तर एक बाटली घेऊन आले. काकूंनी तिच्यावर लाल रेघा ओढल्या होत्या. सकाळची एक, दुपारची एक, संध्याकाळची एक. मास्तरांनी ठरवले की ती काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवसापासून दोन खेपांमध्ये त्यांचे वजन दीड-दोन किलोहून जास्त कधी वाढले नाही. रक्त वाढवणारी इंजेक्शने सुरू झाली, तसा चेहऱ्याचा फिकटपणाही ओसरू लागला.

मग डाव्या हाताची छोटी शस्त्रक्रिया झाली. हातातली एक धमनी आणि एक शीर जोडून दिली की ती शीर जाड होते आणि सुया तिथेच टोचता येतात. त्यासाठी मास्तर दोन महिने रबरी चेंडू दाबत बसायचे. डॉक्टरबाई बोलत असल्या तरी चेंडू चालूच.

“अहो मास्तर, चेंडूला तरी जेवायला सोडा!” ताई म्हणायच्या.

शीर तयार झाली. गळ्यातली नळी निघाली, जखम भरली. मग डॉक्टरबाईंनी परवानगी दिली. डायलिसिस नसेल त्या दिवशी, सुयांच्या जागा सुकल्या असतील तर, तलावात उतरायचे. पुढच्या खेपेला खुर्चीत बसताना मास्तर ताईंना म्हणाले, “काल चार फेऱ्या मारल्या. पूर्वी चाळीस मारायचो. पण त्या चाळीसची मजा या चारला नाही यायची... म्हणजे उलट हो, या चारची त्या चाळीसला!” ताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला.

पुढच्या वर्षी काकूंनी मनात आणले, आपले एक मूत्रपिंड मास्तरांना द्यायचे. रक्तगट जुळत नव्हता.

“एकतीस वर्षं स्वभाव जुळला नाही, रक्तगट काय जुळणार!” काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसल्या. “पूर्वी इथंच विषय संपायचा. आता रक्तगट जुळत नसला तरी औषधांनी शरीराची तयारी करून मूत्रपिंड बसवता येतं. आधी तुमच्या तपासण्या होऊ देत.”

तपासण्या झाल्या आणि अहवाल घेऊन काकू माझ्या पडद्यामागे आल्या. रक्तदाब वाढलेला होता. लघवीतून प्रथिने जात होती. त्यांच्या स्वतःच्याच मूत्रपिंडांची झीज सुरू झाली होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

“तीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्या,” त्या म्हणाल्या, “आणि घरातलीच चूक नजरेतून सुटली.” मग मात्र त्यांना रडू आवरेना.

मास्तरांचा डावा हात माझ्या नळ्यांना जोडलेला होता. त्यांनी उजव्या हाताने काकूंचा हात धरला. “अगं, तू मला मूत्रपिंड द्यायला गेलीस आणि तुझीच दोन वाचली. यात वाईट काय झालं?”

डॉक्टरबाईंनीही तेच सांगितले. “वेळेवर सापडलंय. झीज मंदावणारी नवी औषधं आली आहेत. नेमानं घ्या, मीठ कमी करा, दर तीन महिन्यांनी तपासणी.” मास्तरांचे नाव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत गेले. ते कधी मिळेल, कुणालाच सांगता येत नव्हते.

त्याच सुमारास आमच्या मजल्यावर एक नवे यंत्र आले. केवढेसे, तर टेबलावर मावेल एवढे! घरच्या घरी डायलिसिस करता येईल असे. आठवड्यातून पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ ते चालवायचे, म्हणजे शरीरावर ताण कमी. मास्तरांचे डोळे चमकले. खोटे कशाला बोलू मित्रांनो, मला थोडे वाईट वाटले.

पण एक अडचण होती. घरी स्वतःच्या हातात सुया स्वतःलाच टोचाव्या लागणार होत्या, आणि हे आमचे धिप्पाड मास्तर सुई दिसली की डोळे गच्च मिटायचे! पहिल्या दिवशी त्यांनी सुई हातात धरली आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकू म्हणाल्या, “मी टोचते.” ताईंनी त्यांना थांबवले आणि त्या मास्तरांसमोर स्टूल ओढून बसल्या.

“मास्तर, पहिल्यांदा उडी मारायला घाबरणाऱ्या मुलाला तुम्ही ढकलता?”

“छे! ढकलला की तो आयुष्यभर पाण्याला भितो.”

“मग?”

“मी पाण्यात उभा राहतो. म्हणतो, मी इथंच आहे. तुझं तू ठरव.”

“मी इथंच आहे,” ताई म्हणाल्या.

बराच वेळ गेला.  मास्तरांनी कातडी ताणली, सुई तिरकी धरली आणि या वेळी डोळे उघडे ठेवून आत सरकवली. पारदर्शक नळीत लाल रेघ चढली. सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. घामाने भिजलेले मास्तर एवढेच म्हणाले, “दुसरी द्या.”

दोन महिन्यांच्या सरावानंतर ते दोघे छोटे यंत्र घेऊन घरी गेले. जाताना मास्तरांनी माझ्या आकड्यावर तळवा ठेवला. “चार नंबर, तुझ्यामुळं इथवर आलो.” एवढे कौतुक मला पुरे आहे.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. नाव अजून यादीतच आहे, पण मास्तर रोज संध्याकाळी तलावावर असतात. काकूंची मूत्रपिंडे शाबूत आहेत आणि त्या अजून मुद्रिते तपासतात. मी मात्र थकलो. माझे सुटे भाग मिळेनासे झाले. वर्षभर मी जिन्याखाली धूळ खात पडलो होतो. मग ताईंनीच मला बाहेर काढले, पुसले आणि शिकाऊ तंत्रज्ञांच्या वर्गात उभे केले. आता माझ्यातून पुन्हा साधे पाणी फिरते. मुले-मुली माझ्या झडपा उघडतात, चुकतात, पुन्हा जोडतात.

मित्रांनो, मूत्रपिंडे फार सोशिक असतात. निम्म्याहून अधिक काम थांबले तरी ती हूं की चूं करत नाहीत. मास्तरांना ते उशिरा कळले, काकूंना वेळेवर कळले. फरक होता तो एका साध्या तपासणीचा आणि नेमाने घेतलेल्या गोळ्यांचा. म्हणून आज घरी गेल्यावर आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, “रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?” उत्तर द्यायला ते जरा जरी अडखळले, तरी त्यांच्या पायात चपला सरकवा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.