बशीतल्या पेशींचं गाऱ्हाणं

पावसजवळच्या वाडीत, ग्रामदेवतेच्या देवळात काशीने नारळ ठेवला आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, काशीच्या लेकाच्या मेंदूच्या पेशी तिकडं बंगळुरात बशीत वाढतायत, त्यांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेली चार माणसं म्हणाली. काशीची लेक दर्शनाही म्हणाली, पण दातओठ खात.

तिचा धाकटा भाऊ ऋत्विक याला स्किझोफ्रेनिया होता, नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायचे. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेने त्याचं रक्त नेलं होतं. रक्तातल्या पेशींच्या मूळपेशी करायच्या, त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि आजार कुठे सुरू होतो ते बघायचं, असा तो खटाटोप. ताडून बघायला घरातलंच निरोगी माणूस लागतं, म्हणून दर्शनाचंही रक्त नेलं. तिच्या पेशी शेजारच्याच बशीत होत्या. त्यांच्यासाठी नारळ सोडा, कुणी साधी अगरबत्ती लावली नाही.

दर्शनाला भावाचा हेवा वाटायचा. आजारी माणसाचा हेवा करते, मी कसली बया, असं स्वतःला विचारून झालं, तरी तो जाईना. ती मिरजोळ्याच्या कारखान्यातल्या कामावरून अंगात ताप घेऊन आली, तरी आई दारातच विचारायची, "ऋत्विकची गोळी आणलीस?" रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि दर्शनाला रडायला कधी सवडच मिळाली नव्हती.

पुढच्याच महिन्यात प्रयोगशाळेतून फोन आला. दर्शनाच्या पेशी तगल्या नव्हत्या. तिचं रक्त पुन्हा हवं, नाहीतर ऋत्विकच्या पेशी ताडून बघायच्या कशाशी? खरं सांगायचं तर दर्शनाला आतून गुदगुल्या झाल्या.

"मी नाय देणार," ती आईला म्हणाली.

"असा काय करतंस गो? तुला काय झालाय? तू बरी हायस."

"बरी हाय म्हणूनच मेल्या त्या. आधी माझ्या नावानं गाऱ्हाणं घाल, मग देतंय रक्त."

काशीने कोपऱ्यातला नारळ उचलला. ती देवळाकडे निघाली, आणि दर्शना मागोमाग. आईच्या मागून चालताना तिला लहान पोरीसारखा आनंद झाला होता.

देवळात कुणीच नव्हतं, गुरव लग्नाला गेला होता. काशीने स्वतःच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या दर्शनाच्या पेशी जगव."

दर्शनाने हात जोडून डोळे मिटले.

"त्या जगल्या, तर माझ्या ऋत्विकच्या आजाराचा मूळ गावंल रे म्हाराजा."

दर्शनाने डोळे उघडले. काशी थांबली होती. होकार द्यायला दर्शनाशिवाय माणूस नव्हतं आणि होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. काशीने मान वळवली आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, काकुळतीने, ऋत्विककडे बघायची तशी.

दर्शनाने लांबवता येईल तितकं लांबवलं, मग म्हणाली, "व्हय म्हाराजा."