मोठ्या दिराला अरे-तुरे
१९५३ चा उन्हाळा. सासू आवडाबाई मिरच्या आणायला कल्याणच्या बाजारात गेली होती, नवरा मारुती रेल्वेच्या यार्डात कामावर. आंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मालन एकटीच चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोठे दीर सहदेव आत आले तशी तिने पिठाच्याच हाताने डोईवर पदर ओढला आणि विचारलं, "भाऊजी, पाणी देऊ?"

भाऊजींना पाणी नको होतं. त्यांनी दाराला कडी घातली आणि तिचं मनगट धरलं.

मालनला आधी कळलंच नाही. खरंच नाही. ज्या माणसासमोर तिने कधी मान वर केली नव्हती, त्याचा हात आपल्या अंगावर येतोय हे डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. आणि तोंडाचं वळण बघा! "अहो, सोडा ना भाऊजी! असं काय करता?" तरी बाईच्या तोंडचं अहो काही सुटेना.

डावा हात मोकळा होता. त्यात चुलीजवळची लोखंडी फुंकणी आली. तिने ती त्याच्या बोटांवर हाणली. तो पुन्हा झेपावला, तशी भांडी घासायला ठेवलेली टोपलीभर राख त्याच्या तोंडावर उपडी केली, आणि तो डोळे चोळत वाकला तेव्हा बसायचा पाट उचलून नडगीवर घातला. एवढा आडदांड माणूस भिंतीशी मटकन बसला. आपल्या हातून हे झालं, याचाच मालनला मोठा धक्का बसला. तरी तिने कडी काढून दार सताड उघडलं. तो उठायला लागताच फुंकणी रोखून ती किंचाळली, "बस खाली! हललास तर डोकं फोडीन तुझं, मेल्या!"

आरडाओरडा ऐकून आळी दारात जमली. मालनचं फाटलेलं पोलकं, मनगटावरचे वळ, सगळं उजेडात होतं. आणि शेजारची सखुबाई गालावर हात ठेवून काय म्हणाली? "अगं बाई! मोठ्या दिराला अरे-तुरे?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सांगताना आजही चीड येते. मालन हबकून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आवडाबाई आत आली. मालनने फाटक्या पोलक्यावर पदर ओढला. सासूने आता हिलाच दोष दिला, की हे घर सुटलं आणि माहेरीही तोंड दाखवायला जागा नाही.

"आई, बघ ही मला कशी बोलते!" सहदेव रडवेला होऊन म्हणाला.

आवडाबाईने सुनेचं मनगट हातात घेऊन वळ पाहिले. मग ती लेकाकडे वळली. जन्मल्यापासून ती त्याला 'सद्या' म्हणायची. पोटच्या पोराला आई दुसरं काय म्हणणार?

"उठा, सहदेवराव," ती म्हणाली. "दार उघडं आहे. निघा तुम्ही."

सखुबाईचा गालावरचा हात खाली आला.

"आई, अगं, मला अहो काय म्हणतेस?" सहदेव भिंत धरून उठला.

परक्या माणसाला वाट द्यावी तशी ती अंग चोरून बाजूला झाली.