दिव्याखालची सही

मी पुस्तकातली म्हातारी बोलतेय. पान उलटू नका, चावत नाही मी. काढणाऱ्याने मला दातच एक काढलाय!

एका चित्रकाराने आपल्या आईला समोर बसवून मला काढलं. हातात दिवा, तोंडाचं बोळकं, डोळ्यांत खोड्या. तोंड तिचं घेतलं तशी जीभही तिचीच आली, त्याला मी काय करू?

"आई, हलू नकोस गं."

"हलत नाहीये मेल्या, थरथरतेय. वयाचा मान ठेव."

पुस्तक लिहिणारे मास्तर एकदा मला बघायला आले. चित्रकाराच्या आईला म्हणाले, "याला इलस्ट्रेशन म्हणतात, आजी. मूळ शब्द लॅटिन, फार जुना. अर्थ काय, तर उजेड पाडणं. आधी खराखुरा उजेड, मग दाखला देऊन डोक्यात पाडलेला, आणि शेवटी पुस्तकातलं चित्र."

"अगं बाई! म्हणजे जन्मभर मी याला विचारतेय, काय उजेड पाडलास, ते बरोबरच होतं की!"

सगळे हसले. चित्रकारही हसला, पण जरा उशिरा. मग दिव्याच्या खाली त्याने नीट, सुटी सुटी अक्षरं काढून सही केली. आईसाठीच. तिला शाळा कसली मिळाली होती? अक्षरं येत होती ती लेकाच्या नावातली तेवढी. तो लहानपणी पाटीवर गिरवायचा, तेव्हा शेजारी बसून उचललेली. तिच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. पुरतं दिसेनासं व्हायच्या आत छापलेलं ते नाव एकदा बोटाने वाचायचं, एवढीच तिची हाव.

छापखान्यात मी पानावर मावेना. छापणाऱ्याने मास्तरांना विचारलं.

"खालून छाटा. तिथे नुसती सही तर आहे."

"आणि नाव कुठे टाकू त्यांचं?"

"वर 'सचित्र' छापलंय ना ठळक? दिव्याला कोणी नाव विचारतं का? उजेड पडला म्हणजे झालं."

झालं.

पुस्तक घरी आलं. खऱ्या म्हातारीने मला नाकाशी धरलं. बोट दिव्याखाली नेलं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पान उलटून मागेही चाचपलं.

"कुठंय रे?"

"आहे की तिथेच," चित्रकार म्हणाला. "तुला दिसत नाहीये."

"मग तूच वाच."

त्याने तिचं बोट धरलं आणि कोऱ्या कागदावरून फिरवत आपलं नाव वाचून दाखवलं. एकेक अक्षर.

म्हातारीने त्या कोऱ्या जागेवरून आणखी एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "छान उजेड पाडलास हो." आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला पुन्हा तिने उघडलं नाही.

आता मी शाळेच्या कपाटात असते. पोरं मला मिशा काढतात. काढा खुशाल, शोभतात मला. फक्त पुस्तकावर 'सचित्र' दिसलं की चित्राचा खालचा कोपरा एकदा बघत जा.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. असतो कसला? पाडतात.