मिशीची पैज

"या सणाला ओतिलियाने नवीन एक पान जरी वाचून दाखवलं, तर मी मिशी उतरवीन. इथेच, भर बाजारात!" आंपारोच्या तामालेच्या, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या पुडांच्या, पातेल्यासमोर मी बोलून गेलो.

"आणि नाही वाचलं तर वर्षभर तुला फुकट तामाले," आंपारो म्हणाली. "पण नाबोर मेल्या, त्या झाडीखाली ओठ आहे का तरी?"

ओतिलिया आमच्या हलापा शहराची लेखिका, माझ्या किल्ल्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. दोन कादंबऱ्या गाजल्या, तिसरी आपटली. राजधानीतल्या पेपरवाल्यांनी लिहिलं, बाई संपल्या. तेव्हापासून तीन वर्षं टाइपरायटर गप्प. मृतांच्या सणाला आमच्यात जिवंत माणसांना थट्टेच्या कवितेत मारतात. आधी ती अख्ख्या बाजाराला मारायची, राहिला तो रुसून बसायचा. तेही बंद.

पैजेनंतर आठवड्याने सुतार तिचं टेबल न्यायला आला.

"विकलं," ती म्हणाली. "भावाकडे जातेय, कापडाचं दुकान सांभाळीन."

ती गेली की पैज मीच जिंकणार होतो. मिशी गेली खड्ड्यात! वरची टकटक परत कधीच येणार नसेल, तर मला कानस धरवणार नाही. सुतार चहाला आणि ती दोरी आणायला खाली गेली, तेवढ्यात मी तिच्या दाराचं कुलूप बिघडवून ठेवलं आणि सुताराला सांगितलं, "उद्या ये रे बाबा, आज दार उघडत नाही."

बाई बाहेर, टेबल आत. मग मी बाजारातल्या खांबावर कागद चिकटवला:

मरणबाई आली दारी, म्हणे चला ओतिलियाबाई,
तीन पुस्तकं झाली तुमची, चौथ्याचा तर काही पत्ताच नाही!

ती सपाता फटफटवत आली. "नाबोर, हे तुझंच! दुसरी ओळ लंगडी आहे. मरणबाई हिच्यावर बसून आली तर जिन्यातच आपटेल."

"मग सरळ करा की!"

तिने माझ्या कानामागची पेन्सिल ओढली आणि चार ओळींत मलाच मारलं. स्वर्गाच्या दाराला डुप्लिकेट किल्ली लावताना पकडलेला मी! बाजार खिदळला.

"आणि मी गं?" आंपारो ओरडली.

"मला कधी मारणार?" खाटीक पुढे आला.

दुपारपर्यंत सात जण मेले. मी निमूट कुलूप दुरुस्त केलं. संध्याकाळी वर टकटक सुरू झाली, ती थांबेचना. दुसऱ्या दिवशी सुताराला तिनेच परत पाठवलं.

सणाच्या दिवशी ती खांबाजवळ उभी राहिली आणि नव्या कादंबरीचं पहिलं पान वाचलं. आवाज एकदाही अडखळला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःच न्हाव्याची खुर्ची ओढून बसलो.

न्हाव्याने वस्तरा चालवला. आंपारो वाकून बघत होती.

"अगंबाई, ओठ आहे की!"