जांभळीच्या खोडातलं भोक

मी जांभूळ बोलतेय. भाईंदरच्या इंद्रलोकमधली, आमच्या सोसायटीच्या गेटाआतली. मला डोळे नाहीत. माणसं मला आवाजाने आणि हातांच्या दाबाने कळतात. हल्ली कोणताही हात लागला की मी बिचकते.

मला लावलं दत्ताराम काकांनी. परळची खोली सोडून ते नुकते इथे आले होते. त्यांनी रोप खड्ड्यात धरलं, त्यांच्या बायकोने, सुगंधाकाकूंनी, माती लोटली.

मी हळूहळू वाढले. पानांत तयार झालेल्या साखरेपासून मी फिनॉलचे बारीक कण बनवते, पेशींच्या भिंतींत नेते आणि एकमेकांत गुंतवते. गुंता घट्ट झाला की पेशी मरते. तिच्या पोकळ नळीतून पाणी शेंड्यापर्यंत चढतं. त्या गुंत्याला लिग्निन म्हणतात. फिनॉलांपासूनच टॅनिनही होतं, म्हणून माझी साल तुरट.

२००७ च्या जूनमध्ये गेटापाशी माझ्या जांभळांचा चिखल झाला. काकू त्यावरून घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं.

त्यानंतर एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, कंपाउंडच्या भिंतीकडच्या बाजूने माझ्या खोडात ड्रिल घुसलं. भोकात काहीतरी जळजळीत ओतलं गेलं. तोल सांभाळायला एक पंजा खोडावर टेकला होता, पण ड्रिलच्या थरथरीत तो कोणाचा, ते कळेना.

माझा पहिला संशय गाडीवाल्यांवर. जांभळांचे डाग पडतात म्हणून ते रोज कुरकुरायचे. मी भोकाभोवतीच्या नळ्या बंद केल्या, त्यांत फिनॉलं भरली, नवं लाकूड जास्त घट्ट विणलं. तरी भिंतीकडची फांदी गेलीच.

मग दुसऱ्या मजल्यावरची निशिगंधा आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने ब्लेडने भोकाच्या कडेचं लाकूड खरवडलं आणि बाटलीचं झाकण उघडलं. मला वाटलं, हीच ती.

पण तिने थेंब त्या किसावर टाकले आणि हाक मारली, "काका, हे बघा. लाल झालं ना? ते लिग्निन. झाड भोकाभोवती भिंत बांधतंय. कोणीतरी विष घातलंय याला."

"जगेल?" काकांनी विचारलं.

"परत कोणी घातलं नाही तर."

काकांनी खोडावर पंजा टेकला आणि मी आतून आक्रसले. ड्रिल धरताना टेकलेला पंजा हाच होता.

काही आठवड्यांनी काकू वॉकर घेऊन खाली आल्या. त्यांचं बोट भोकावरून फिरलं.

"अहो, शेजारचं ड्रिल मशीन कशाला आणलं होतं तुम्ही?"

काका म्हणाले, "तुला ऑपरेशनला आत नेलं आणि मी बाहेर बसून राहिलो. कोणावर राग काढू, समजत नव्हतं."

"मी घाईत होते, म्हणून पडले. मला विचारायचं तरी."

त्या दिवसापासून काका सकाळी जांभळं झाडतात, मला बादलीभर पाणी घालतात. ते मुळाशी पोचतं तेव्हा, खरं सांगते, मला अजून शंका येते. तरी पिते.

माणसांनो, दुःख आवरेना तर माझ्या सावलीत येऊन बसा, रडा, माझ्याशी भांडा. मी ऐकेन. आत काही ओतू नका. जे ओतलं गेलं ते मला बाहेर टाकता येत नाही. ते मी लिग्निनच्या भिंतीआड कोंडलंय, आणि भिंतीच्या अलीकडे यंदा मोहोर आलाय.