सगळ्यात जड गादी

आमच्या ऑफिसात फोन ठेवायचा अधिकार फक्त गिऱ्हाइकाला आहे. आपल्याला ठेवायचा असेल तर आधी त्याच्याकडून पाच वेळा "नाही" ऐकून घ्यावं लागतं. मोजून पाच. शेजारच्या कागदावर रेघा मारायच्या. चार रेघांवर फोन ठेवलेला सापडलात, की भोंगासाहेब काचेच्या केबिनमधून बाहेर येतात आणि सगळ्या हॉलसमोर विचारतात, "पाचवी रेघ काय तुझा सासरा येऊन मारणार आहे?" भोंगा हे नाव त्यांना कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला कान होते.

आम्ही गाद्या विकतो. खाली टायरचं दुकान, वर आमचा हॉल, अठरा टेबलं, अठरा फोन. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर अठरा नावं आणि प्रत्येकापुढे महिन्याचा आकडा. गादी खपली की उठून दाराजवळची पितळी घंटा वाजवायची. आमच्यातला एक जण, ज्याला सगळे बोका म्हणतात, तो दिवसातून इतक्या वेळा घंटा वाजवतो की टायरवाल्याला बरेच दिवस वर शाळा आहे असं वाटत होतं. मला ऑफिसात उशी म्हणतात. गेल्या दोन महिन्यांत मी फक्त तीन उशा विकल्या, आणि उशीला घंटा नसते.

फळ्यावर जो तळाला, त्याला शेवटची खुर्ची मिळते. ती संडासाच्या दाराला लागून आहे आणि तिचं एक चाक गेलेलं आहे. डावीकडे कललं की खुर्ची आपल्याला सरळ जमिनीवर उतरवते. दोन महिने तिच्यावर काढायची मुभा असते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहा वाजेपर्यंत एकही गादी गेली नाही, तर डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवायचा आणि गाशा गुंडाळायचा. माझा तिसरा महिना होता, शेवटचा दिवस होता आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या नावापुढचं शून्य बोक्याने मुद्दाम सुबक काढलं होतं.

नोकरी गेली तर पुढे काय, हे घरी ठरून गेलं होतं. मेव्हण्याचं नळांचं दुकान आहे. हा बायकोचा धाकटा भाऊ, ह्याला सायकल मी शिकवली. तो मागच्या रविवारी जेवता जेवता म्हणाला, "भावोजी, या तुम्ही खुशाल. आपल्याला पाने-पकडी हातात द्यायला माणूस हवाच आहे." बायको म्हणाली, "त्यात काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही. फक्त रोज सकाळी शटर वर ढकलताना तो म्हणणार, भावोजी, जरा जोर लावा, आणि मला तो लावावा लागणार. ह्या एका विचाराने माझी तीन रात्रींची झोप उडाली होती. गाद्या विकणाऱ्याची.

एकच आशा होती, ती म्हणजे चाचणीचा फोन. महिन्यातून एकदा साहेब केबिनचा पडदा खाली ओढतात आणि गिऱ्हाईक बनून आमच्यापैकी कुणाला तरी फोन करतात. त्यात पास झालात तर ती एक गादी धरली जाते. साहेबांनी तरुणपणी नाटकांत कामं केलेली, त्यामुळे त्यांच्याकडे तीन आवाज आहेत: रिटायर्ड फौजी, घाईतला डॉक्टर आणि म्हातारी. पैकी म्हातारी एक नंबर. आधी तीन बारीक खोकले, मग थरथरता आवाज, आणि वाक्याच्या शेवटी "कळलं का बाळा". मागच्या महिन्यात ह्याच म्हातारीने मला विचारलं होतं, "तुझ्या आईला देशील का रे ही गादी?" छापील उत्तर होतं, "आजी, माझी आई ह्याच गादीवर झोपते." ते म्हणायला मला चार सेकंद लागले. साहेब म्हणाले, चार सेकंदांत गिऱ्हाईक दोन दुकानं फिरून येतं. नापास.

तर पाच दहाला केबिनचा पडदा खाली आला. सगळ्या हॉलने श्वास रोखला. आणि माझा फोन वाजला.

तीन बारीक खोकले.

"गादीवाले का? मला गादी पाहिजे होती. कळलं का बाळा?"

मी खुर्चीत उजवीकडे सरकून बसलो. छापील कागद पुढे ओढला आणि सुरू केलं. आजी, आमची राजेशाही गादी म्हणजे पाठीला विश्रांती आणि मनाला शांती. ती म्हणाली, नको, फार मऊ दिसते. रेघ. मी म्हटलं, मऊपणा हीच तिची ताकद. ती म्हणाली, मऊपणाची कसली ताकद, नको. रेघ. विचार करून सांगते म्हणाली, तीही रेघ, त्यावर मी कागदावरचं वाचलं, "विचार झोपून करा, आमच्या गादीवर." ती म्हणाली, "हे कुणी लिहिलंय? त्याला झोपेची गरज आहे." चौथी रेघ. आणि मग ती म्हणाली, "खरं सांग, तुझ्या आईला देशील का रे ही गादी?"

तोच प्रश्न, तोच आवाज. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. एवीतेवी नळांच्या दुकानात जायचंच आहे, तर निदान मन मोकळं करून जाऊ.

"साहेब," मी म्हटलं, "बस झालं आता. मी ओळखलंय तुम्हाला."

"कोण साहेब?"

"आवाज झकास काढलाय, वादच नाही. पण आता ऐका. नाही देणार मी आईला ही गादी. माझ्या आईचे गुडघे गेलेत. ही गादी चौथ्या महिन्यात मधोमध खचते. आई त्यात बसली तर तिला बाहेर काढायला शेजारी बोलवावे लागतील. तिला मी ती पातळ, कडक गादी देईन, जी आपण गोदामात मागे लपवून ठेवलीय, कारण तिच्यात आपल्याला काही सुटत नाही. आणि अजून एक. हा म्हातारीचा आवाज बंद करा. कुणाच्या तरी आईची टिंगल वाटते ती."

मग ती म्हणाली, "तुमचा साहेब म्हातारीचा आवाज काढतो?"

"तुम्ही काढता, साहेब."

"कसा काढतो? करून दाखव."

म्हटलं, होऊन जाऊ दे. मी तीन खोकले काढले आणि थरथरत म्हणालो, "गादी पाहिजे होती. कळलं का बाळा?"

"खोकतोसुद्धा?" ती म्हणाली. "मेल्याने खोकलापण सोडला नाही."

तेवढ्यात केबिनचा पडदा वर गेला. आत भोंगासाहेब ताठ उभे होते. हातात दुसराच फोन, मान खाली, आणि नुसतं "हो सर, हो सर" चाललेलं. मोठ्या साहेबांचा फोन असला की ते असेच उभे राहतात. त्यांच्या ओठांवर म्हातारी नव्हती. माझ्या कानात मात्र होती, आणि ती आता चौथ्यांदा खोकत होती.

माझी पाचावर धारण बसली. मी नकळत डावीकडे कललो आणि खुर्चीने मला खाली उतरवलं. पुढचं संभाषण मी टेबलाखालून केलं.

"आजी," मी म्हटलं, "तुम्ही खरोखरच आजी आहात का?"

"तुझ्या साहेबाची आई आहे मी."

मी माफी मागायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं. "तू गप्प बस. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी वीस मिनिटं बोललंय. त्याला फोन करावा तर म्हणतो, आई, महिनाअखेर आहे. अरे, पंधरा तारखेला कसली महिनाअखेर? काल पेपरात तुमची जाहिरात आली. म्हटलं, गिऱ्हाईक होऊन बघावं. गिऱ्हाइकाशी बोलता ना तुम्ही लोक?"

मला तिचं फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी भिंतीवरचं घड्याळही दिसत होतं. पाच पस्तीस. माणूस किती हलकट होऊ शकतो ते मला टेबलाखाली कळलं.

"आजी," मी हळूच म्हणालो, "मग ती पातळ कडक गादी लिहून घेऊ का?"

"छे. तुमच्याकडे सगळ्यात जड कुठली?"

"जड? राजेशाही डबल. दोन माणसांना उचलत नाही. पण ती तुम्हाला..."

"तीच दे. जाहिरातीत त्याचा फोटो आहे, दात काढलेला. खाली लिहिलंय, 'तुमच्या खोलीपर्यंत गादी पोहोचवणं ही माझी जबाबदारी.' मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. आज संध्याकाळी त्यालाच घेऊन यायला सांग. आणि महिन्याभरात आवडली नाही तर परत नेता ना? न्यायलाही तोच येऊ दे. कळलं का बाळा?"

मी ऑर्डर लिहिली आणि केबिनमध्ये गेलो. साहेबांनी नुकताच फोन खाली ठेवला होता. चेहरा पांढराफटक. "उशी," ते म्हणाले, आणि भोंगा पार बसला होता, "आपली शाखा एका गादीने कमी आहे. एका. मोठे साहेब म्हणाले, सहापर्यंत आकडा भरला नाही तर उद्यापासून तुम्हीही फोनवर बसा." तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की शेवटची खुर्ची त्यांच्याही नशिबात असू शकते.

मी कागद पुढे केला. त्यांनी "राजेशाही डबल" वाचलं आणि मला जवळजवळ मिठी मारली. मग पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग अट वाचली.

"ही रद्द कर," ते म्हणाले.

"करतो," मी म्हणालो. "मग फळ्यावर काय लिहू?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पत्त्याकडे बघितलं, आणि बाह्या दुमडल्या. मी बाहेर येऊन घंटा वाजवली. सवय नसल्यामुळे जरा जास्तच वाजली, खालून टायरवाला ओरडला.

दुसऱ्या दिवशी साहेब एका बाजूला वाकडे चालत होते. हातात आईने दिलेला डबा होता. चाचणीच्या फोनमधून म्हातारी कायमची गेली.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पाच दहाला, तीन खोकले. "बाळा, ही गादी मला आवडली नाही. परत घेऊन जा. आणि दुसरी आण, तेवढीच जड." एक परत, एक नवी. साहेब एक गादी खाली घेऊन आले आणि एक वर घेऊन गेले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. परत आलेली गादी मागच्या महिन्याच्या आकड्यातून वजा होते आणि चालू महिन्यात एकच उरते, त्यामुळे मी फळ्याच्या तळालाच राहिलो, खुर्चीही तीच राहिली, पण शून्यावर मला कुणी पकडू शकलं नाही. मेव्हण्याला मी कळवून टाकलं की पाने-पकडी तूर्त तूच धर.

चौथ्या महिन्यात घोटाळा झाला. पाच दहाला फोन आला आणि आजी म्हणाली, "बाळा, ही गादी ठेवते मी. छान झोप लागली."

मी धावत केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मला वाटलं साहेब सुटकेचा निःश्वास सोडतील. त्यांचा चेहरा उतरला.

"ठेवते म्हणाली? खचली नाही?"

"नाही म्हणे."

"मग आज..." ते थांबले. "उशी, तिला सांग ती गादी वाईट आहे. पाठीला वाईट आहे. पाच नकार घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही."

मी परत येऊन आजीला सांगितलं. नाही म्हणाली, रेघ. गुडघ्यांचं सांगितलं, नाही, रेघ. साहेब माझ्या डोक्यावर उभे राहून रेघा मोजत होते. चौथ्या रेघेला त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. मी सावध करायच्या आत डावीकडे कलले आणि खाली गेले. उठले नाहीत. तिथूनच, कुठलाही आवाज न काढता, स्वतःच्या आवाजात म्हणाले, "आई, मी बोलतोय."

हेडफोनमधून मलाही ऐकू आलं. आधी तीन खोकले, मग आजी म्हणाली, "कोण मी? महिनाअखेर नाही का आज?"

"आहे," साहेब टेबलाखालून म्हणाले. "गादी ठेव तू. मी नुसताच येतो."