शेवटचा हात

"एवढा जीव ओतून कशाला करतेस गं? शेवटी बाई त्यांना हवं तसंच करणार."

"मग काय करू?"

"अर्धं कर नि दे सोडून. उरलेलं त्या करतात. मी तसंच करते. छान होतं."

चित्रकलेच्या बाई त्या वेळी कपाटाच्या दारामागे उकिडव्या बसून एका हरवलेल्या चार्जरचा शोध घेत होत्या. दाराच्या अलीकडे बाई, पलीकडे सहावीतल्या दोन मुली, आणि मध्ये जेमतेम एका फळीचं अंतर. मुलींच्या गप्पा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायच्या, हा बाईंचा नेहमीचा शिरस्ता. आज तो मोडला. चार्जर हाताला लागला तरी त्या उठल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी उठल्या नाहीत. मुली टॅब जागेवर ठेवून खिदळत निघून गेल्या, तेव्हा कुठे कपाटाला धरून त्या उभ्या राहिल्या आणि रिकाम्या वर्गाला म्हणाल्या, "मी? मी तर फक्त शेवटचा हात फिरवते!"

भिंतीवरची बक्षीसपात्र चित्रं तेवढी बघत राहिली.

ती चित्रं म्हणजे बाईंच्या हाताची कीर्ती. कुठलंही प्रदर्शन असो, मुलांची चित्रं आधी बाईंच्या टेबलावर यायची. बाई चष्मा नाकावर ढकलून ब्रश उचलायच्या. डोळ्यात एक पांढरा ठिपका, की चेहरा बघायला लागायचा. नदीचा काठ जरा सरळ, आभाळ जरा मोकळं, लंगड्या घोड्याला चौथा पाय. 'बाईंचा हात फिरला की चित्र उठतं,' असं शिपायापासून सगळे म्हणायचे. मग ते चित्र कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत काचेमागे लागायचं, आणि ज्याचं त्याच्यावर नाव असायचं ते पोर त्याच्याकडे, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं लांबून बघायचं.

हे काढलं कुणी, असं कुणी विचारत नसे. विचारलंच तर उत्तर तयार होतं, "मुलांनीच. आम्ही आपलं थोडं मार्गदर्शन केलं." या शाळेत मार्गदर्शन फार ऐसपैस होतं. आया घरी पुठ्ठ्याचे पूल बांधायच्या, ते मार्गदर्शन. वडील भाषणं लिहून द्यायचे, ते मार्गदर्शन. एका आजोबांनी तर नातवाच्या नावावर आख्खा ज्वालामुखी उभा केला होता आणि बक्षीस मिळाल्यावर नातवापेक्षा तेच जास्त रडले होते. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. बोलायचं कुणी नाही, एवढाच नियम.

मग शाळेत टॅब आले. ते वरच्या मजल्यावर संगणकाच्या सरांकडे जाणार असंच सगळे धरून चालले होते. सर भले माणूस, पण सतत गळ्यात एखादी वायर गुंडाळलेली, म्हणून मुलं त्यांना वायरसर म्हणत. चित्रकलेच्या बाई तडक मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "ते टॅब मला द्या. पोरांच्या हातात कॅमेरा देते. बघा काय करतात ती."

"तुम्हाला येतं का त्यातलं काही?"

"येईल की. त्यात काय एवढं!"

आणि खरंच आलं. घरी जेवणाच्या टेबलावर बसून, शंभरदा चुकून, पाच वेळा सगळं पुसून टाकून बाई शिकल्या. चित्रफीत कशी कापायची, आवाज कसा बसवायचा, एकेक फोटो काढत मातीचा बेडूक कसा उडवायचा. त्या काळात नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "हल्ली ही माझं बोलणंही मध्येच कापते. नवीन शिकलीये."

मुलांना शिकवायला तर वेळच लागला नाही. एकाने कंपासपेटीची मगर करून तिच्या तोंडात खोडरबरांचं गाव वसवलं. एकीने नळाच्या थेंबांचे आवाज गोळा करून त्यांचं भांडण लावून दिलं. आणि सगळे जिला चिमणी म्हणत, त्या बारक्या आवाजाच्या मुलीने आपल्या इमारतीच्या जिन्याचा सिनेमा केला. लिफ्ट बंद पडलेली. कॅमेरा पायरीवर आडवा ठेवलेला. दिसतात फक्त येणारे जाणारे जोडे. त्यांचं बोलणं चिमणीने स्वतःच्या आवाजात घातलेलं. उंच टाचांचे बूट लिफ्टवाल्याला शिव्या घालतात, जाड चपला धापा टाकतात, शाळेचे बूट एक पायरी सोडून उड्या मारतात. मग जिना रिकामा होतो. बराच वेळ रिकामाच राहतो. शेवटी घरोघर पार्सलं पोचवून परतणाऱ्या तिच्या बाबांचे, एका बाजूने झिजलेले बूट हळूहळू वर येतात.

बाईंनी तो लागोपाठ दोनदा बघितला होता. आणि मग, सवयीने, त्यांनी हात फिरवला. रिकामा जिना कापून टाकला. कॅमेरा हलत होता, तो स्थिर केला. खाली मंद संगीत सोडलं. मगरीलाही तेच संगीत, नळालाही तेच. सगळ्यांच्या शेवटी एकसारखा केशरी सूर्य मावळवला. फारच देखणा सूर्य होता तो.

हात फिरवायला कारणही होतं. शनिवारी पालकांसमोर सगळे सिनेमे दाखवायचे होते, आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष येणार होते. गृहस्थांचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. झाकण सरळ बसतं की नाही, एवढंच ते बघत. टॅब चित्रकलेच्या वर्गात राहू द्यायचे, की वर नेऊन मुलांकडून परीक्षेच्या प्रश्नांचा सराव करून घ्यायचा, हे ते शनिवारी ठरवणार होते. टॅब तेच, बोटंही तीच. बोटांनी मगर करायची की बरोबर उत्तरावर टिचकी मारायची, एवढाच प्रश्न होता. बाईंसाठी मात्र तेवढाच नव्हता.

मुलींचं ते बोलणं कानावर पडलं, त्या दिवशी घरी त्यांनी सगळे सिनेमे नवऱ्याला दाखवले. तो जेवत होता.

"छान आहेत," तो म्हणाला. "एकाच मुलाने केलेत का?"

"एकाच काय! वेगवेगळ्या मुलांनी केलेत सगळे."

"अस्सं? मग एकाच बाईने केलेत," असं म्हणून त्याने पाण्याचा पेला उचलला. घरातले पडदे बदलले तरी ज्याला महिनाभर कळत नाही, असा हा माणूस! बाईंनी टॅब पालथा ठेवला आणि भांडी जरा जास्तच आवाज करत गोळा केली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी चिमणीला बोलावलं. तिचे दोन्ही सिनेमे शेजारी शेजारी लावले, एक तिचा, एक हात फिरवलेला.

"सांग, कुठला दाखवू?"

"तुमचा."

"का गं?"

चिमणीने वेणीचं टोक चावत विचार केला. "तुमच्यात बाबा पटकन येतात."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यात वाट बघावी लागते."

"खरं काय असतं?"

"वाट बघावी लागते," चिमणी म्हणाली. आणि मग, बाईंना वाईट वाटू नये म्हणून असेल, "पण तुमचा सूर्य भारी आहे."

बाईंनी आपला सिनेमा बंद केला. "मी तुझाच दाखवला तर? लोक हसतील कदाचित."

"मग हसू देत की! दोन ठिकाणी हसायचंच आहे," चिमणी एकदम ताठ होत म्हणाली. "फक्त त्यातलं काही काढायचं नाही हं, बाई."

"नाही काढणार."

"सूर्यसुद्धा नको."

"अगं, नाही म्हटलं ना!"

शब्द देऊन बसल्यावर मोठ्या बाईंकडे जाणं भाग होतं. खोलीत वायरसर आधीच बसले होते, शनिवारच्या प्रोजेक्टरची चिंता घेऊन.

"मुलांनी केलेत तसेच दाखवू या," बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या एका सिनेमात नुसता जिना दिसतो. जिना! साहेबांना बोलावून जिना दाखवू?"

"मी त्याला हलकंसं झूम टाकू का?" वायरसर मदतीला आले.

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या, आपापल्या कारणाने.

"बाई, ऐका माझं," मोठ्या बाईंचा आवाज खाली आला. "टॅब वर गेले तर पहिल्या तुम्हीच रडाल. मला काय कळत नाही? पण शनिवारी तेवढं नीटनेटकं दिसू दे. एकदा टॅब राहिले, की मग करा तुमचे जिने."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच बाईंना ते टोचलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मात्र चिमणीचा मूळ सिनेमा त्यांनी टॅबवरून पुसला नाही, उलट वायरसरांच्या लॅपटॉपवर नेऊन ठेवला.

शनिवारी सभागृह भरलं. मुलं खाली सतरंजीवर, पालक खुर्च्यांवर, अध्यक्ष पहिल्या रांगेत मधोमध. मागच्या भिंतीपाशी, जागा न मिळालेले उभे होते. त्यांत पार्सलवाल्याची टोपी हातात धरलेले चिमणीचे बाबा होते, कामातून तासाभराची सवड काढून आलेले. दिवे मालवले. मगर आली, सूर्य मावळला. टाळ्या. नळ आला, सूर्य मावळला. टाळ्या. तिसऱ्या सूर्याला बाईंनी मुलांकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, पण कुणीही शेजारच्याला कोपराने ढोसून 'माझा, माझा' म्हणत नव्हतं. पाहुणे बघावेत तशी बघत होती.

चिमणीच्या सिनेमाच्या आधी अध्यक्षांनीच हात वर केला. दिवे लागले.

"पुरे, पुरे. कळलं," ते प्रसन्नपणे उभं राहत म्हणाले. "अगदी पक्कं काम आहे. माझ्या कारखान्याची जाहिरात केली होती आम्ही, तीसुद्धा इतकी गुळगुळीत झाली नव्हती. अभिनंदन! आता माझा निर्णय सोपा झाला. मुलांना एवढं सगळं यायला लागलंय, म्हणजे इथलं शिकून झालं. मग शिकवायचं राहिलं काय? सोमवारपासून टॅब वर न्या. परीक्षेच्या सरावाला लागू दे."

पालकांनी माना डोलावल्या. मगरवाल्याच्या आईने जरा उशिरा डोलावली. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. वायरसर वायर गुंडाळायला लागले.

बाई उठल्या. साडीचा पदर खोचून त्या लॅपटॉपपाशी गेल्या, वायरसरांचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाल्या, "साहेब, एक राहिलाय. बसा."

इतक्या वर्षांत अध्यक्षांना 'बसा' असं कुणी म्हटलं नसावं. ते बसले.

पडद्यावर जिना आला. कॅमेरा वाकडा, उजेड कमी, आवाज चिमणीचा. टाचांच्या बुटांनी लिफ्टवाल्याचा उद्धार केला आणि मुलं खदखदून हसली. जाड चपलांनी तिसऱ्या पायरीवर देवाला बोलावलं, तेव्हा पालकही हसले. मग जिना रिकामा झाला. कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा जिन्याकडे पाहिलं, आणि घड्याळ विसरले. खुर्च्यांची करकर थांबली. सगळं सभागृह कुणाच्या तरी पावलांची वाट बघू लागलं. एका बाजूने झिजलेले बूट पहिल्या पायरीवर दिसले, तेव्हा सतरंजीवरून कुणीतरी ओरडलं, "आले!" आणि मागच्या भिंतीपाशी उभ्या माणसाने टोपी तोंडावर धरली. बूट चढत राहिले, कॅमेऱ्यापाशी थांबले. चिमणीचा आवाज म्हणाला, "आज एवढा उशीर?" आणि पडदा पांढरा झाला.

टाळ्या पडल्या त्या थांबेनात. चिमणी शेजारणीला कोपराने ढोसत होती.

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "हा वेगळाच आहे. कुणी केला?"

"मी," चिमणी उभी राहिली.

"कॅमेरा एवढा वाकडा का?"

"चपला सरळ दिसाव्यात म्हणून. कॅमेरा सरळ ठेवला की गुडघे दिसत होते. आधी मी त्याच्याखाली वही ठेवून बघितली, मग कुलूप. कुलपावर बरोबर बसला."

"आणि तो मधला रिकामा जिना? कापला का नाहीस?"

"कापला की वाट बघता येत नाही."

अध्यक्षांनी मान हलवली, झाकण नीट बसलेलं दिसावं तशी. मग ते मगरवाल्याकडे वळले. "आणि काय रे, तू तो सूर्य कसा मावळवलास?"

मगरवाल्याने बाईंकडे पाहिलं.

"तू गं? तुझा पण मावळला होता ना?"

नळवालीने सतरंजीकडे पाहिलं. पालकांना अचानक आपापल्या मोबाइलमध्ये फार काम निघालं. ज्वालामुखीवाले आजोबा छताचा पंखा निरखू लागले.

"लाजतात हो मुलं, साहेब," मोठ्या बाई घाईने पुढे झाल्या. "म्हणजे त्यांनीच केलंय सगळं, आम्ही आपलं थोडं मार्ग—"

"नाही, मोठ्या बाई," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी मागच्या भिंतीपर्यंत नीट ऐकू गेला. "साहेब, त्यांना सांगता येणार नाही, कारण ते सूर्य त्यांचे नाहीत. माझे आहेत. हा जिना सोडला तर आज तुम्ही पाहिलेलं काहीच मुलांनी पुरं केलेलं नाही, मी केलंय. भिंतीवरची चित्रंही मीच पुरी केलीयेत, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. मुलांचं शिकून झालेलं नाही, साहेब. आम्ही त्यांना अजून सुरूच करू दिलेलं नाही."